फितवाला

पनवेल,
१५ ऑक्टोबर १९५६

ती. दादास,
वेणूचा नमस्कार.

काल सोनं वाटून झालं, आत्याच्या पाया पडून झालं, आणि आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. वहिनीला म्हणावं पत्र मोठ्यानं वाचू नका, शेजारी ऐकतील.

ठाण्याच्या मंडळींचं पत्र आलेलं नाही. येणारही नाही. गणपतीपूर्वी येऊन गेली, पोहे दोनदा मागून घेतले, मुलाच्या वडिलांनी मला माजघरापासून ओसरीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं, मावशींनी सुईत दोरा ओवायला लावला, आणि जाताना सगळी म्हणाली, "कळवतो." दादा, सरळ नकार आला असता तर एक दिवस रडून मोकळी झाले असते. पण "कळवतो" म्हटलं की पोस्टमन दारावरून पुढं जाईपर्यंत आत्या ओट्यावर उभी असते, आणि तिचं तोंड बघून मला माझ्यापेक्षा तिचंच वाईट वाटतं. याआधीच्या ठिकाणीही हेच झालं आणि त्याच्या आधीही हेच.

तेव्हा आता नीट वाच. लग्नाला माझी ना नाही. पण पाटावर बसून कुणाला दाखवून घ्यायचं मी सोडलं. शाळेत मुली मला बाई म्हणतात, आणि घरी आले की मला चालून दाखवावं लागतं, हे यापुढं जमणार नाही. तू रागावलास तरी चालेल.

भांडण संपलं. आता बरं काही लिहिते. पाऊस गेला तशी आमची रविवारची फेरी सुरू झाली. मी, शाळेतली हौसा आणि शेजारची सत्यवती. हौसा तुला आठवत असेल, जासईची, तिच्या घरची मिठागरं आहेत. सकाळी वडाळे तळ्याला वळसा घालून नगरपालिकेच्या बागेत जायचं आणि पाखरं बघत बसायचं. सत्यवती विणकाम घेऊन येते आणि इतकं बोलते की निम्मी पाखरं तिथंच उडून जातात. आम्हाला नावं फारशी ठाऊक नाहीत, म्हणून आम्ही आमचीच ठेवतो. गेल्या वर्षी बागेतल्या आंब्यावर मला एक पांढरा पक्षी दिसला होता, शेपटी अशी लांब की वेणीची फीत सुटून लोंबावी. मी त्याला फितवाला म्हणते. दुसऱ्या कुणाला तो दिसला नाही, त्यामुळं तो होता यावर कुणाचा विश्वास नाही. यंदा तो दाखवल्याशिवाय मी राहणार नाही.

धोबी मात्र आला. आत्या त्याला खंजन म्हणते आणि वर्षातला पहिला दिसला की हात जोडते. पाण्याकाठी किंवा गाईजवळ दिसला तर वर्ष चांगलं जातं म्हणे. यंदा तिला दिसला तो बागेमागच्या उकिरड्यावर, ऐन दसऱ्याला. तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष नाही. मी म्हटलं, आत्या, जिथं माश्या असतील तिथं तो जाणार. तिला पटलं नाही.

तुझी,
वेणू


भुसावळ,
१९ ऑक्टोबर १९५६

चि. वेणूस आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीनं मोठ्यानंच वाचलं. तिचं म्हणणं, वेणूचं बरोबर आहे. घरात दोघी एका बाजूला झाल्यावर माझं काय चालणार? पाट माळ्यावर टाकून दे. तुला कुणी चालून दाखव म्हणणार नाही, हे मी लिहून देतो.

तू खुशाल पाखरं बघ. त्यावरून आठवलं. आमच्या ऑफिसातल्या गणूकाकांचा पुतण्या महादेव उरणला मीठ खात्यात आहे. त्याला पाखरांचं फार वेड, आणि त्याच्याजवळ चांगली दुर्बीण आहे. मी काकांजवळ सहज तुमच्या फेरीचा विषय काढला, तर म्हणाले, तो आनंदानं येईल. येत्या अठ्ठावीस तारखेच्या रविवारी येतो आहे. नावं तरी कळतील तुम्हाला. तुझा फितवाला दुर्बिणीतून सापडतो का बघा.

आत्याची काळजी घे.

तुझा,
दादा


भुसावळ,
१९ ऑक्टोबर १९५६

ती. गंगाआत्यास,
दिनानाथचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र वाचून चुलीत घाल. अठ्ठावीसला उरणचा मुलगा येतो आहे तो पाखरांसाठी येतो आहे असं वेणूला वाटतं. तसंच वाटू दे. मुलगा चांगला आहे, नोकरी कायमची आहे, पत्रिका मी इथं दाखवून घेतली आहे, छान जमते. काकांनी त्याला सगळं सांगितलं आहे. वेणूला कळलं तर ती त्या दिवशी शाळेत जाऊन बसेल, रविवार असला तरी.

म्हणून हात जोडून सांगतो: पाट नको, नवं पातळ नेस म्हणू नकोस, आणि काहीही झालं तरी पोहे करू नकोस. पोह्यांचा वास आला की तिला कळेल. वडील गेल्यापासून तिचं माझ्याकडून एवढंच व्हायचं राहिलं आहे. एवढं सांभाळून घे.

तुझा,
दिनानाथ


पनवेल,
२८ ऑक्टोबर १९५६

चि. दिनानाथास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आत्यानं सगळं तू सांगितलंस तसं केलं. काम फत्ते झालं असं समज.

मुलगा उंच आहे, सावळा आहे, आणि आल्या आल्या पाया पडला. मीही त्यांच्या मागून बागेत गेले होते. देवळात जायचं निमित्त केलं. मुलानं सकाळभर डोळ्यावरची दुर्बीण काढली नाही, आणि दुर्बीण कुठं, तर आपल्या वेणूकडे. मी चांगलं निरखून पाहिलं. ती तळ्याच्या पायरीवर बसली होती, हा झाडाखालून तिच्याकडं बघतो आहे. इतका वेळ बघत होता की मलाच लाज वाटली. पाटावर बसवून कुणी एवढं बघितलं नव्हतं.

आता पोह्यांचं. तू नको म्हणालास. पण पोरगा उरणहून पहाटेच्या एस.टी.नं निघालेला, त्याला उपाशी ठेवू? वेणू तळ्यावर पुढं गेली तेव्हा मागून केले, वर खोबरं-कोथिंबीर घातली, लिंबाच्या फोडी कापल्या, आणि डब्यातून बागेत नेले. घरात वाढलेच नाहीत. घरात न वाढलेले पोहे ते काही दाखवण्याचे पोहे होत नाहीत. त्यांच्या हातात डबा दिला आणि मी देवळात जाऊन बसले, मुलांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून.

देवळाच्या पायरीवरून ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. थोड्या वेळानं मुलगा उठून झाडाखालून येरझाऱ्या घालायला लागला. आनंदानं असेल. पोरी हसत होत्या. मग सगळी एकदम गप्प झाली आणि वर बघायला लागली. देवाचं नाव घेतलं असेल.

घरी आल्यापासून वेणू माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. लाजली आहे. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त बघायला घे.

तुझी,
आत्या

मागाहून: उकिरड्यावरच्या खंजनाचं मी मनावर घेतलेलं नाही.


पनवेल,
३० ऑक्टोबर १९५६

दादा,

आत्यानं तुला पत्र टाकलं आहे हे मला ठाऊक आहे. त्यात जे असेल त्यातलं निम्मं खरं असेल. आता माझं वाच.

सकाळ फार चांगली गेली होती, म्हणूनच राग जास्त आला. ते आले, आम्हाला नमस्कार केला आणि तळ्याकडं बघत उभे राहिले. एक शब्द जास्तीचा नाही. सत्यवती बोलायला लागली तेव्हा त्यांनी नुसतं ओठावर बोट ठेवलं आणि ती गप्प बसली. हे आजवर तिच्या नवऱ्यालाही जमलेलं नाही. त्यांनी दुर्बीण आम्हाला आळीपाळीनं दिली. खंड्याच्या पाठीवर किती प्रकारचा निळा असतो हे मी पहिल्यांदा बघितलं. मी पायरीवर बसले होते तर हौसा हळूच म्हणाली, "वेणू, हालू नको गो. तुज्या पायाशी हाय धोबी." खरंच होता. शेपटी वरखाली करत माझ्या चपलेजवळून चालत होता. मी श्वास धरून बसले आणि ते झाडाखालून दुर्बिणीतून त्याला बघत होते. आत्याला काय वाटलं असेल ते मी ओळखू शकते.

मग आत्यानं डबा आणून दिला. मला वाटलं लाडू असतील. झाकण उघडलं आणि वर पांढरं खोबरं, कोथिंबीर, कडेला लिंबाच्या फोडी. दादा, आपल्या घरी असे पोहे फक्त एकाच दिवशी होतात. एरवी आत्या खोबरं जपून ठेवते. सगळं एका क्षणात कळलं. तुझं पत्र, दुर्बीण, आत्याचं देवळात जाणं. सकाळपासून मी किती मोकळेपणानं हसले होते ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या एवढ्या एका जागेवर, रविवारच्या बागेत, तुम्ही पाट मांडलात.

त्यांनी माझं तोंड बघितलं. म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नव्हतं?" मी नाही म्हटलं. त्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. म्हणाले, "मला काकांनी सांगितलं होतं. तुम्हालाही सांगितलं असेल असंच मी धरून चाललो. चुकलं माझं. मी जातो." आणि खरोखरच पिशवी उचलली.

कुठून धीर आला ठाऊक नाही. मी म्हटलं, "थांबा. तुमचं बघून झालं. आता मी बघते. जरा चालून दाखवा."

सत्यवतीच्या हातातून लोकर पडली. मला वाटलं, ते अपमान करून निघून जातील. पण त्यांनी पिशवी खाली ठेवली, सदरा नीट केला, आणि चालायला लागले. बाकापासून आंब्यापर्यंत आणि परत. हौसा म्हणाली, "पाय तं सरळ हायेत. आता सुईत दोरा ओवाया लावा." ते म्हणाले, "सुई आणा, ओवतो." आम्ही तिघी हसलो, तेही हसले, आणि हौसानं त्यांना आणखी एक फेरी मारायला लावली.

त्या फेरीत ते आंब्याखाली पोचले आणि मला वर फांदीवर काहीतरी पांढरं हललेलं दिसलं. फितवाला. बरोबर त्यांच्या डोक्यावर. मी ओरडले नाही, फक्त हात वर केला. त्यांना कळलं. ते जागच्या जागी थांबले, मान खाली घालून. वर बघितलं असतं तर तो उडाला असता. दुर्बीण बाकावर होती, ती मी डोळ्याला लावली. काळं डोकं, काळा तुरा, आणि ती लांब पांढरी फीत वाऱ्यावर. हौसानं बघितला, सत्यवतीनं बघितला. सगळ्या जणी गप्प. आम्हा तिघींचं पोटभर बघून होईपर्यंत तो माणूस जमिनीकडं बघत उभा होता. पाखरासाठी उरणहून आलेला, आणि ते पाखरू त्याला दिसलंच नाही. मग फितवाला तळ्यापलीकडं उडून गेला.

"होता?" त्यांनी विचारलं. "होता," मी म्हटलं. "मग बरं झालं," म्हणाले आणि येऊन गार झालेले पोहे खाल्ले.

निघताना त्यांनी काही विचारलं नाही. मीच म्हटलं, "कळवते." शब्द तोंडातून गेल्यावर मला बरंही वाटलं आणि थोडं वाईटही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. आत्यावरचाही नाही, पण तिनं आज माझ्या आवडीची अळूची भाजी केली आहे, त्यामुळं कठीण जातं आहे.

वेणू


भुसावळ,
४ नोव्हेंबर १९५६

चि. वेणू,

आज भाऊबीज. तू इथं नाहीस आणि माझ्यावर रागावलेली आहेस, तेव्हा पाटावर मी एकटाच बसलो. वहिनी म्हणाली, बसा, जरा कळू दे कसं वाटतं ते.

तुला फसवलं हे खरं. तुला लिहून दिलं होतं आणि त्याच टाकानं आत्याला दुसरं पत्र लिहिलं. तुझं बरं व्हावं म्हणून केलं, असं सगळेच म्हणतात, म्हणून मी ते म्हणत नाही. पुन्हा करणार नाही, एवढंच म्हणतो. ओवाळणी म्हणून यंदा तेच घे.

गणूकाका रोज चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी येतात. काही बोलत नाहीत, नुसते बघतात. मी म्हणतो, "कळवतो." आणि दरवेळी त्यांचं तोंड एवढंसं होतं. त्या दिवसांत आत्या ओट्यावर कशी उभी राहत असेल हे मला आता दिसतं. तू नाही म्हणालीस तरी मी तुझ्याच बाजूचा आहे. पण काय ते तुझं तू ठरव, आणि त्या माणसाला फार ताटकळत ठेवू नकोस.

तुझा,
दादा


उरण,
८ नोव्हेंबर १९५६

कु. वेणू यांस,
महादेवचा स. न. वि. वि.

आपली परवानगी न घेता लिहितो आहे. पत्ता हौसाबाईंच्या वडिलांकडून घेतला, ते मिठागरावर भेटतात. 'लिवा की, त्यात काय हाय,' असं ते म्हणाले.

इकडं खाडीचं पाणी मिठाच्या आगरांत घ्यायला सुरुवात झाली आहे आणि खाडीवर कुरव पक्षी आले आहेत. सकाळी कचेरीत जाताना बांधावर धोबी दिसतात. त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं आहे. आपल्या पायाशी धोबी होता तो मी दुर्बिणीतून बघत होतो हे खरं. पण तो उडून गेल्यावरही मी दुर्बीण खाली घेतली नव्हती. आपल्या आत्याबाईंनी ते पाहिलं असावं. आपल्याला ठाऊक नसताना मी असं बघणं बरोबर नव्हतं.

आपण 'कळवते' म्हणाला होतात. आमच्याकडं टपाल दुपारी येतं, आणि हल्ली सकाळचं माझं कामात लक्ष नसतं. नकार असला तरी चालेल, असं शेवटी लिहायचं ठरवलं होतं. पण ते खरं नाही, म्हणून लिहीत नाही.

आपला,
महादेव


पनवेल,
१९ नोव्हेंबर १९५६

ती. दादास,
वेणूचा नमस्कार. वहिनीला म्हणावं, हे पत्र मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

त्यांचं पत्र आलं होतं. मी उत्तरात एवढंच लिहिलं, की अठरा तारखेला मी हौसाकडं जासईला येते आहे, आत्या बरोबर आहे, दुपारी उरणला तुमच्या खोलीवर येऊ. बघायला येते आहे, तेव्हा पोहे तुम्ही करून ठेवा. पाकीट पेटीत टाकल्यावर वाटलं, हे जरा फार झालं. पण पेटीतून परत काढता येत नाही.

काल गेलो. हौसाच्या आईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. "आमच्या पोरीची मैतरीन, उपाशी कशी जाल तुमी?" आत्या एरवी कुणाकडं पाणी पीत नाही, तिथं तिनं तांदळाची भाकरी मागून घेतली. मग उरणची एस.टी. धरायला बांधाबांधानं चालत निघालो. गेल्या हंगामातलं मीठ अजून राशी करून ठेवलेलं आहे, वर गवत शाकारलेलं. एका राशीचं गवत थोडं सरकलं होतं आणि त्या पांढऱ्या मिठावर धोबी बसला होता. आत्या थबकली. पाण्याकाठी चांगला, उकिरड्यावर वाईट, पण मिठावर बसलेल्या खंजनाचं तिच्या शास्त्रात काहीच नाही. ती बराच वेळ विचार करत उभी राहिली. मग म्हणाली, "मीठ घरात लागतंच की गं," आणि हात जोडले. तेव्हापासून ती नीट जेवते आहे.

ते दारात उभे होते. मला बसायला त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः, तुला खरं वाटणार नाही, पाट घेऊन खाली बसले. मुद्दाम केलं का विचारायचं राहिलं. घरमालकीण बाई पडद्याआडून बघत होत्या. आत्यानं मला कोपरानं ढोसलं, म्हणजे काहीतरी विचार. मला काही सुचेना, दादा. दुसऱ्याला बघायला जाणंही सोपं नसतं. शेवटी मी विचारलं, "फितवाला दिसला का तुम्हाला नंतर?" म्हणाले, "नाही. पुढच्या वर्षी येईल. आंबा मला माहीत आहे." मग खिडकीतून खाडीवरचे पक्षी दाखवले आणि दुर्बीण माझ्या हातात देऊन मागं सरकले.

मग पोहे आणले. वर खोबरं होतं, कोथिंबीर होती, लिंबाची फोड वाकडी कापलेली. मी पहिला घास घेतला. खारट. मीठ खात्यातल्या माणसाच्या हातचे, इतके खारट की आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. आपल्या ओसरीवर मी जशी बघत उभी राहायचे, अगदी तसेच. हात कुठं ठेवावेत तेही त्यांना कळत नव्हतं. मला एकदम इतकी माया वाटली, की तुला लिहायला लाजत नाही.

मी बशी पुढं केली आणि आणखी मागितले.

निघताना ते काहीतरी विचारणार होते. मी म्हटलं, "कळवत नाही. आत्ताच सांगते." आणि सांगितलं.

तेव्हा आता चहाच्या वेळी गणूकाका तुझ्या टेबलाशी आले, की त्यांना बसायला सांग, आणि म्हणावं, मुलगा आमच्या वेणूला पसंत आहे.

तुझी,
वेणू